हृदयाची विचारपूस



वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथात रोग्याची परीक्षा करण्याची तीन साधने सांगितली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वैद्याने रोग्याकडे पाहावे, त्याला हात लावून पाहावे आणि त्याला विचारावे. पुढील शतकांत यांपैकी पहिल्या दोन साधनांची अफाट वाढ झाली. कानाने ऐकण्यासाठी स्टेथोस्कोप आला, हृदयाचे विद्युत्-आलेख निघू लागले, ध्वनिलहरींच्या साहाय्याने झडपांची उघडझाप पडद्यावर दिसू लागली. तिसरे साधन मात्र बराच काळ होते तसेच राहिले. वैद्याने विचारावे, रोग्याने सांगावे, आणि त्यातले जे महत्त्वाचे वाटेल ते वैद्याने टिपून ठेवावे, अशीच रीत होती. १९२८ मध्ये न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने हृदयविकाराच्या रुग्णांची चार वर्गांत विभागणी करण्याची पद्धत घालून दिली. ती आजही वापरात आहे. परंतु रुग्ण कोणत्या वर्गात बसतो हे त्या पद्धतीत डॉक्टर ठरवतात, रुग्ण ठरवत नाही.

ही स्थिती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालटली. १९६२ मध्ये जेफ्री रोझ यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात हृदयशूल ओळखण्यासाठी एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. छातीत दुखते का, चढण चढताना किंवा घाईने चालताना दुखते का, थांबल्यावर थांबते का, दहा मिनिटांच्या आत थांबते का, असे साधे प्रश्न तीत ठराविक शब्दांत आणि ठराविक क्रमाने विचारलेले होते. १९८७ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातून हृदयाच्या दौर्बल्यासह जगणाऱ्या रुग्णांसाठी एकवीस प्रश्नांची प्रश्नावली बाहेर आली. १९९५ मध्ये सिएटल येथील, हृदयशूलासंबंधीची, आणि २००० मध्ये कॅन्सस सिटी येथील, दुर्बल हृदयाच्या रुग्णांसाठीची, अशा आणखी दोन प्रश्नावल्या आल्या. या शेवटच्या दोन्ही प्रश्नावल्या जॉन स्पर्टस यांच्या नावाशी निगडित आहेत. रोझ यांच्या प्रश्नावलीचा हेतू रोग हुडकण्याचा होता. नंतरच्या तिन्हींचा हेतू, रोगाने माणसाच्या जगण्याचे काय केले आहे हे त्या माणसाच्याच तोंडून जाणून घेण्याचा आहे.

ही गरज का निर्माण झाली, हे समजून घेतले पाहिजे. हृदय प्रत्येक ठोक्यागणिक किती टक्के रक्त बाहेर ढकलते हे यंत्र सांगते. परंतु हा आकडा सारखाच असलेल्या दोन माणसांपैकी एक बाजारहाट करतो आणि दुसऱ्याला अंघोळ करताना मध्येच बसावे लागते, असे पुष्कळदा आढळते. हा फरक यंत्राला दिसत नाही. तो रुग्णालाच ठाऊक असतो. म्हणूनच नव्या औषधाने किंवा शस्त्रक्रियेने रुग्णाला खरोखर बरे वाटते का, याचा निवाडा करताना रुग्णाच्या उत्तरांना पुराव्याचे स्थान मिळाले. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॅन्सस सिटी प्रश्नावलीला अशा परीक्षणाचे साधन म्हणून रीतसर मान्यता दिली. रुग्णाचा शब्द आता मोजमाप झाला आहे. आणि जो शब्द मोजमाप होतो, त्याच्या भाषांतरात झालेली चूक ही केवळ भाषेची चूक राहत नाही.

भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दहा हजारांहून अधिक लोक मातृभाषा म्हणून बोलतात अशा १२१ भाषा देशात आहेत. त्यांपैकी २२ भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आहेत. हृदयाच्या दौर्बल्याचे रुग्णही येथे तुलनेने तरुण असतात. २०१३ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील रुग्णालयांत १२०५ रुग्णांची नोंद करण्यात आली, तेव्हा त्यांचे सरासरी वय एकसष्ट वर्षांच्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांतील अशा रुग्णांच्या सरासरी वयापेक्षा ते साधारण दहा वर्षांनी कमी आहे. म्हणजे ज्या वयात माणूस अजून मिळवता असतो, ज्या वयात मुलीचे लग्न आणि घराचे कर्ज डोक्यावर असते, त्या वयात हा आजार येथे गाठतो. अशा माणसाला त्याच्या जगण्याविषयी विचारायचे, तर ते कोणत्या शब्दांत विचारायचे?

पहिली अडचण आजाराच्या नावापाशीच येते. इंग्रजीत या आजाराला 'हार्ट फेल्युअर' म्हणतात. त्याचा अर्थ हृदय बंद पडणे असा नसून, शरीराला लागणारे रक्त पुरेशा जोराने पुढे ढकलण्याची त्याची शक्ती कमी पडणे असा आहे. परंतु हिंदी, मराठी, बंगाली अशा अनेक भाषांत 'हार्ट फेल झाले' याचा अर्थ माणूस गेला असा होतो. मूळ प्रश्नावलीत हे नाव अनेक प्रश्नांत येते. ते जसेच्या तसे ठेवले, तर समोर बसलेल्या जिवंत माणसाला, तुमचे हार्ट फेल झाल्यामुळे गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती त्रास झाला, असे विचारल्यासारखे होईल. संस्कृत शब्दांचा आधार घेऊन 'हृद्‌विफलता' म्हणावे, तर तो शब्द पाठ्यपुस्तकात शोभतो. रुग्णाला त्यातून काहीच कळत नाही किंवा 'विफल' एवढेच ऐकू येते. 'कमजोर हृदय' म्हणावे, तर हिंदीत 'कमजोर दिलवाला' म्हणजे भित्रा माणूस. शेवटी 'डॉक्टरांनी सांगितलेला तुमचा हृदयाचा आजार' अशा लांबट पण निरुपद्रवी शब्दांकडे वळावे लागते. त्यात मूळ संज्ञेची काटेकोरता थोडी सैल होते, हे खरे आहे. परंतु ज्याला प्रश्न विचारायचा तोच भयभीत होऊन गप्प बसला, तर त्या काटेकोरपणाचा उपयोग कोणाला?

दुसरी अडचण शरीराच्या नावांची आहे. 'छाती' हा शब्द मराठीत आणि हिंदीत उरोभागालाही लावतात आणि स्तनांनाही. बंगालीतील 'बुक' आणि तमिळमधील 'मार्बु' यांचेही तसेच आहे. परपुरुषाने विचारलेल्या 'छातीत दुखते का?' या प्रश्नाला एखादी प्रौढ स्त्री मान हलवून नकार देते, तेव्हा तो नकार दुखण्याला असतो की प्रश्नाला, हे कागदावरून सांगता येत नाही. तमिळमधील 'नेंजु' म्हणजे छाती, हृदय आणि अंतःकरणही. तेलुगूमध्ये 'गुंडे' म्हणजे हृदय. पण छातीत कुठेही दुखले तरी माणूस 'गुंडे' दुखते असे म्हणू शकतो. रोझ यांच्या प्रश्नावलीत दुखण्याची जागा दाखवण्यास सांगितलेले आहे, ही त्या बाबतीत मोठीच सोय होय. शब्द फसवतो तेथे हात सहसा फसवत नाही. जेथे हात ठेवून दाखवण्याचाही संकोच वाटेल, तेथे कागदावर काढलेली मानवी आकृती पुढे ठेवता येते.

याहून अवघड प्रश्न शरीर आणि मन यांच्या सीमेवरचा आहे. मिनेसोटा प्रश्नावलीत काही प्रश्नांची बेरीज शारीरिक त्रास म्हणून आणि काहींची मानसिक त्रास म्हणून वेगळी केली जाते. इंग्रजीत हे दोन कप्पे बऱ्यापैकी वेगळे राहतात. हिंदीतील 'घबराहट' आणि गुजरातीतील 'गभरामण' हे शब्द मात्र या दोन्ही कप्प्यांत एकाच वेळी पाय ठेवून उभे असतात. छातीत धडधडणे, श्वास अपुरा पडणे, काहीतरी वाईट होणार असे वाटणे, हे सारे त्या एका शब्दात येते. मराठीतील 'जीव घाबरा होणे' आणि तमिळमधील 'पडपडप्पु' यांचीही तीच गत आहे. 'चिंता' या अर्थाच्या प्रश्नात भाषांतरकाराने 'घबराहट' घातली, तर हृदयाची धडधड मनाच्या खात्यात जमा होईल. आणि ती केवळ मनाचीच आहे असे समजून कोणी डॉक्टर तिकडे दुर्लक्ष करील. १९८९ मध्ये इंगा-ब्रिट क्राउझे यांनी इंग्लंडमधील बेडफर्ड येथे राहणाऱ्या पंजाबी लोकांच्या बोलण्यातील, 'हृदय बुडणे' या अर्थाच्या एका शब्दप्रयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीराचा थकवा, मनाची काळजी आणि समाजात पत गमावल्याचे दुःख ही तिन्ही त्या एका बोलण्यात गुंफलेली होती, असे त्यांनी दाखवले. अशा शब्दाचे भाषांतर करणे म्हणजे एका गाठोड्याचे तीन गाठोडी करणे होय. ते करावेच लागते. परंतु करताना कोणत्या गाठोड्यात काय गेले याचा हिशेब ठेवला पाहिजे.

तिसरी अडचण रोजच्या व्यवहारांची. एक ब्लॉक चालताना किती त्रास होतो, असे कॅन्सस सिटी प्रश्नावलीत विचारलेले आहे. अमेरिकन शहरात ब्लॉक म्हणजे दोन आडव्या रस्त्यांमधील अंतर. हा शब्द देवनागरीत उतरवून तसाच ठेवला, तर काय होते पाहा. जुन्या मुंबईकराच्या भाषेत ब्लॉक म्हणजे राहण्याची स्वतंत्र जागा. उत्तरेकडील खेड्यात ब्लॉक म्हणजे विकास गटाचे कार्यालय. तेथवर जायचे तर बस पकडावी लागते. आणि हृदयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ब्लॉक म्हणजे रक्तवाहिनीतील अडथळा. 'मला दोन ब्लॉक आहेत' हे वाक्य तेथील बाकावर रोज ऐकू येते. त्या माणसाला, एका ब्लॉकने किती त्रास होतो असे विचारल्यास तो मनापासून उत्तर देईल. मात्र ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असेल. यास्तव येथे अंतर सांगावे लागते, आणि तेही मीटरमध्ये नव्हे, तर सपाट रस्त्यावर दोन-तीन मिनिटे चालणे अशा रीतीने.

सपाट रस्त्याचीही एक गंमत आहे. रोझ यांनी चढणीविषयी विचारले. सह्याद्रीच्या किंवा गढवालच्या माणसाला चढण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गंगेच्या मुखाजवळील सपाट प्रदेशात जन्म काढलेल्या शेतकऱ्याला मात्र जिना किंवा पाण्याने भरलेली घागर हेच चढणीच्या जागी विचारावे लागेल. तसेच अंगणातील कामाचे. मूळ प्रश्नातील अंगण हे गवत कापायचे अंगण आहे. येथील अंगण झाडायचे आणि सारवायचे असते, आणि ते काम बहुधा स्त्रीच्या वाट्याला येते. श्वास कोंडू नये म्हणून रात्री तीन उशा घ्याव्या लागतात का, असेही विचारलेले आहे. चटईवर झोपणाऱ्या घरात माणशी एकच उशी असते, कधी तीही नसते. तेथे रुग्ण भिंतीला टेकून बसून रात्र काढतो किंवा अंथरुणाची वळकटी पाठीशी घेतो. तीन उशांचा प्रश्न त्याला विचारला, तर तो खरेपणाने 'नाही' म्हणेल, आणि त्याची रात्रभराची जाग कागदावर निवांत झोप म्हणून उतरेल. याउलट बस पकडण्यासाठी केलेली घाई हे कॅन्सस सिटीतील उदाहरण भारतात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. काही प्रश्न असेही असतात की, जे आपल्यासाठीच लिहिल्यासारखे वाटतात.

काळाच्या मोजणीतही असेच घडते. 'गेले दोन आठवडे' यासाठी मराठीत 'पंधरवडा' हा नेमका शब्द आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ज्यांच्या मनात पंधरवडा म्हणजे अमावास्या ते पौर्णिमा, ते शेवटच्या अमावास्येपासून आठवू लागतील, आणि ती कदाचित चारच दिवसांपूर्वी झालेली असेल. आठवडी बाजाराच्या गावी 'मागच्या दोन बाजारांपासून' असे म्हटले, तर काळ अचूक सांगितला जातो.

येथवरच्या अडचणी डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. सर्वांत फसवी अडचण मात्र ज्या शब्दांचे भाषांतर अगदी सोपे वाटते, त्यांत दडलेली असते. कॅन्सस सिटी प्रश्नावलीची बारा प्रश्नांची एक संक्षिप्त आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रकृती आहे तशीच राहिली आणि उरलेले आयुष्य असेच काढावे लागले, तर त्याविषयी रुग्णाला कितपत समाधान वाटेल, अशा आशयाचा प्रश्न तीत आहे. इंग्रजी शब्दासाठी 'समाधान' किंवा 'संतोष' हा शब्द कोणीही विचार न करता लिहील. परंतु आपल्याकडे समाधान ही केवळ मनाची अवस्था नाही, तो सद्गुण आहे. वयस्कर माणसाने असमाधानी असणे बरे दिसत नाही. घरचे सेवा करीत आहेत, देवाने इतकी वर्षे दिली, आता तक्रार कशाची, असे म्हणणारी आजी 'पुष्कळ समाधानी' या पर्यायावर बोट ठेवते. ती खोटे बोलत नाही. तिने प्रश्न आपल्या प्रकृतीविषयी आहे असे न मानता आपल्या स्वभावाविषयी आहे असे मानले, इतकेच.

याचा परिणाम किती होतो, ते हिशेबाने पाहता येते. या आवृत्तीत प्रत्येक प्रश्नगटाचे गुण शून्य ते शंभर या मापावर काढतात आणि चार गटांची सरासरी म्हणजे एकूण गुण. समाधानाचा प्रश्न ज्या गटात आहे त्यात दोनच प्रश्न आहेत. उत्तराच्या पाच पायऱ्या आहेत. म्हणजे एक पायरी पंचवीस गुणांची. आजीचे उत्तर सौजन्यापोटी दोन पायऱ्या वर गेले, तर त्या प्रश्नात पन्नास, गटात पंचवीस आणि एकूण गुणांत सव्वासहा गुणांची वाढ होते. आणि या मापनात पाच गुणांचा फरक हा रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण मानण्याची रीत आहे. म्हणजे ज्या आकड्यावरून एखादे औषध उपयोगी ठरावयाचे, त्याहून मोठा फरक एका शब्दाच्या भारदस्तपणाने पडू शकतो. औषध न घेताच आजीची प्रकृती कागदावर सुधारते.

असाच एक दोष शून्याच्या वापरात आहे. मिनेसोटा प्रश्नावलीत प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण आहेत. बेरीज १०५ पर्यंत जाते आणि जितके गुण अधिक तितका त्रास अधिक. जो प्रश्न आपल्याला लागू नाही त्यापुढे शून्य लिहावे, अशी सूचना आहे. उपजीविका मिळवण्यात अडचण येते का, या प्रश्नापुढे जन्मभर घरात राबलेली स्त्री शून्य लिहील, कारण तिने कधी पगार घेतला नाही. खेळ आणि छंद यांपुढे ती शून्य लिहील, कारण तशी सवड तिला मिळालीच नाही. वैवाहिक जीवनाच्या प्रश्नापुढे विधवा शून्य लिहील. तीन शून्ये मिळून तिचा आजार पंधरा गुणांपर्यंत सौम्य ठरू शकतो. जिच्या आयुष्यात आधीच कमी होते तिचे दुखणेही कमी मोजले जाते. कॅन्सस सिटी प्रश्नावलीत मात्र, हे काम अन्य कारणामुळे केले नाही, असा स्वतंत्र पर्याय ठेवलेला आहे, आणि तसे उत्तर त्रास नसल्याचे चिन्ह म्हणून धरले जात नाही. भाषांतरकाराला मूळ गुणपद्धती बदलण्याचा अधिकार नसतो. या प्रश्नावल्यांचे स्वामित्व राखीव असते आणि फेरबदलासाठी परवानगी घ्यावी लागते. परंतु अशी शून्ये कोठे साठत आहेत हे दाखवून देणे, हे त्याचे कर्तव्य आहे.

आता, हे काम करण्याची मान्य पद्धत कोणती, ते पाहू. एका माणसाने बसून केलेले भाषांतर पुरेसे मानले जात नाही. दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे भाषांतर करतात. त्यांपैकी एकाला विषयाची माहिती असावी आणि दुसऱ्याला ती नसावी, म्हणजे सामान्य माणसाची भाषा टिकते. दोन्ही मसुद्यांतून एक तयार होतो. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्ती त्या मसुद्याचे पुन्हा इंग्रजीत भाषांतर करतात. या उलट भाषांतराची पद्धत रिचर्ड ब्रिसलिन यांच्या १९७० च्या लेखामुळे रूढ झाली. नंतर डॉक्टर, भाषातज्ज्ञ आणि भाषांतरकार यांची समिती सर्व मसुदे समोर ठेवून निर्णय घेते. अखेरीस तीस ते चाळीस व्यक्तींवर ती प्रश्नावली वापरून पाहावी, असे बीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये सुचवले.

यांतील उलट भाषांतराविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. त्यातून उघड चुका सापडतात, हे निःसंशय. परंतु शब्दाला शब्द ठेवून केलेले निर्जीव भाषांतर या परीक्षेत सर्वांत उत्तम उतरते. 'ब्लॉक'चे उलट भाषांतर ब्लॉकच होते, 'समाधान' पुन्हा त्याच इंग्रजी शब्दावर जाऊन पोहोचते, आणि समिती संतुष्ट होते. याउलट तीन उशांच्या जागी 'भिंतीला टेकून बसून' असे लिहिणाऱ्याचे भाषांतर परतताना वेगळे दिसते आणि चुकीचे ठरण्याचा संभव असतो. नकाशा नकाशाशी जुळला म्हणून तो भूमीशी जुळतोच असे नाही. भूमी म्हणजे येथे रुग्ण. यास्तव अखेरच्या टप्प्याचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. त्यात रुग्णाला प्रश्न वाचून दाखवतात आणि उत्तर घेऊन थांबत नाहीत. हा प्रश्न तुम्हाला काय विचारतो आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा, असे म्हणतात. समाधानाच्या प्रश्नातील घोटाळा येथेच उघडकीस येतो, समितीच्या टेबलावर येत नाही.

दुसऱ्या बाजूचा आक्षेपही विचारात घेतला पाहिजे. प्रत्येक प्रांताने आपापल्या सोयीने प्रश्न बदलले, तर मोजपट्टी एक राहील कशी? पाटण्याच्या रुग्णाचे गुण पुण्याच्या किंवा कॅन्सस सिटीच्या रुग्णाच्या गुणांशी ताडून पाहता आले नाहीत, तर या खटाटोपाचा अर्थ काय? हा आक्षेप रास्त आहे. अंगणातील कामाच्या जागी विहिरीचे पाणी शेंदणे घातले, तर प्रश्न ओळखीचा होतो, पण श्रम दुपटीने वाढतात आणि रुग्ण आहे त्याहून अधिक आजारी दिसू लागतो. म्हणून शब्द बदलताना श्रमाचे वजन तेच राहते ना, हे पाहावे लागते. नव्या आवृत्तीचे गुण रुग्णाने सहा मिनिटांत चाललेल्या अंतराशी आणि डॉक्टरांच्या वर्गवारीशी ताडून पाहतात. प्रकृती न पालटलेल्या रुग्णाला काही दिवसांनी पुन्हा विचारून उत्तरे स्थिर आहेत का, हेही तपासतात. कोणताही बदल केवळ कानाला गोड लागतो म्हणून करता येत नाही, आणि केवळ परका वाटतो म्हणून मूळ शब्द टाकूनही देता येत नाही.

इतके सारे साधल्यावरही एक गोष्ट उरते : प्रश्न विचारायचा कोणी आणि कोठे? बहुतेक मूळ प्रश्नावल्या रुग्णाने स्वतः वाचून भरावयाच्या आहेत. २०११ च्या जनगणनेत सात वर्षांवरील लोकसंख्येपैकी सुमारे ७३ टक्के साक्षर होते. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ६५ टक्के होते आणि वृद्ध स्त्रियांत अर्थातच याहून कमी. त्यांना प्रश्न वाचून दाखवावे लागतात, आणि वाचून दाखवला की प्रश्न हा संवाद होतो. अशा एखाद्या प्रसंगाची कल्पना करावी. जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर म्हातारी आई बसलेली आहे, शेजारी मुलगा उभा आहे. परिचारिका विचारते, "आजी, अंघोळ करताना दम लागतो का?" आईने तोंड उघडण्याच्या आत मुलगा सांगतो, "छे, आम्ही तिला काही करू देत नाही. पाणीसुद्धा सून काढून देते." त्याच्या बोलण्यात आईविषयीची मायाही आहे आणि घराण्याची अब्रूही. परिचारिका 'त्रास नाही' या पर्यायावर खूण करते. पुढे मुलगा औषधांच्या रांगेत उभा राहायला जातो, तेव्हा आई हळूच म्हणते, "बाई, दोन तांब्ये घेतले की तिसरा उचलवत नाही गं. खाली ठेवून बसते थोडी. सुनेला वाटतं, म्हातारीला अंघोळीला किती वेळ लागतो."

हेच खरे उत्तर. ते मिळण्यासाठी भाषांतर अचूक असणे आवश्यक होते, पण पुरेसे नव्हते. विचारणारी बाई होती, ती 'आजी' म्हणाली, मुलगा दूर गेल्यावरही ती तेथून उठली नाही, आणि खाडाखोड करून तिने खूण बदलली, म्हणून ते मिळाले. भाषांतरासोबत द्यावयाच्या सूचनांत या गोष्टी लिहिलेल्या असल्या पाहिजेत : रुग्णाला एकटे विचारावे, कोणत्या नात्याने संबोधावे, उत्तरासाठी किती थांबावे, नातेवाइकाने दिलेले उत्तर वेगळे नोंदवावे. अंकांच्या पायऱ्या ज्याला उमजत नाहीत, त्याच्यापुढे रिकाम्यापासून भरलेल्या पेल्यापर्यंतची पाच चित्रे ठेवता येतील. आणि कोणता शब्द का निवडला, कोणता का टाकला, याची टिपणे प्रश्नावलीबरोबर जपून ठेवली पाहिजेत, म्हणजे पुढच्या भाषेत काम करणाराला त्याच खड्ड्यात पुन्हा पडावे लागणार नाही.

मराठीत दुसऱ्याला प्रश्न विचारण्यासाठी दोन शब्द आहेत. एक 'चौकशी' आणि दुसरा 'विचारपूस'. चौकशी कचेरीत होते. तिच्यापुढे माणूस सावध होतो, मोजके बोलतो आणि कागदावर काय लिहिले जात आहे याकडे पाहतो. विचारपूस घरी होते. तिच्यात विचारणाराला उत्तर हवे असते आणि सांगणाराला सांगायचे असते. प्रश्नावलीला चौकशीचा नेमकेपणा हवाच. त्यावाचून तुलना होणार नाही. परंतु उत्तर मात्र विचारपुशीलाच मिळते. बाकावरच्या त्या आजीचा तिसरा तांब्या कागदावर उतरला, तर तिचे औषध बदलेल, कदाचित पुढच्या महिन्यात ती अंघोळ एका दमात करील. तो उतरला नाही, तर तिच्या नावापुढे 'त्रास नाही' एवढेच राहील, आणि ते वाचणाऱ्या कोणालाही त्यात काही चुकले आहे असे वाटणार नाही.